हरवलेल्यांच्या मांडवात

खंडेराव कापडवाले आमच्या दारात आले तेव्हा मी आधी त्यांच्या हातांकडे पाहिले. वर्गणी मागायला येणारा माणूस पावत्या घेऊन येतो. हे रिकाम्या हाताने आले होते. त्याअर्थी यांना वर्गणीपेक्षा काहीतरी जास्त हवे असणार, असे माझ्या मनाने लगेच घेतले.

"आप्पा, सिंहस्थाचं वर्ष," ओसरीवर टेकत ते म्हणाले. "आमच्या यात्रेकरू सेवा मंडळानं रामकुंडाशी मांडव घातलाय. हरवलेल्या माणसांना आणून बसवायचं, त्यांच्या माणसांशी गाठ घालून द्यायची. तुम्ही या."

"मी? मी काय करणार तिथं?"

"बसायचं, विचारपूस करायची. वयस्कर, शिकलेला माणूस दिसला की लोकांना धीर येतो."

मला धीर आला नाही. माझे सारे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. जी ओळ निर्दोष दिसते तीच पुन्हा वाचायची, ही त्या धंद्याची सवय. ती पुढे माणसांनाही लागू झाली. शिवाय अनोळखी माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते, हे आमच्या आळीत सर्वांना ठाऊक आहे. विचारपूस करायला नेमका मीच का?

"टोपी मात्र काळी घाला," खंडेराव उठताना म्हणाले. "पांढरी घातलीत तर हवालदार काँग्रेसचा स्वयंसेवक म्हणून उचलेल, आणि तुरुंगात डबा पोचवायचं काम मंडळाच्या गळ्यात पडेल."

ते हसले. त्या बत्तीस सालात आमच्या ओळखीचे कितीतरी लोक खरोखर तुरुंगात होते, त्यामुळे हसावे की नाही ते मला कळेना.

खरे तर मला आणखी एक बोलावणे होते. आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारा जुना जुळारी सलाउद्दीन आपल्या मोहल्ल्यातल्या विणकरांना संध्याकाळी अक्षरे शिकवायचा वर्ग काढत होता. "आप्पा, तुम्ही या. चुका काढायला तुमच्यासारखा माणूस नाही," असे तो म्हणाला होता. ही स्तुती होती की टोमणा, याचा मी अनेक दिवस विचार करीत होतो. शेवटी दोहोंतून मांडव निवडला, कारण वर्गात उभे राहून बोलावे लागते आणि मांडवात बसायचे असते.

"जा की," माझी बायको सरुबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका हुडकता, तिथं माणसं हुडका."

"पण त्यांना मीच का हवा?"

"दुसरं कोणी रिकामं नसेल. आता त्याचंही वाईट वाटून घ्या."

मांडवात गेलो तो माझा संशय वाढला. तागाच्या पट्ट्यांवर चुकलेली माणसे बसली होती. बहुतेक म्हातारी, काही रडवेली. यादव नावाचा उंच स्वयंसेवक प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारी, "गाव कोणतं? आडनाव काय?" आणि खांबाला टेकून एक उपरणेवाला गृहस्थ कान देऊन ऐकत असे. उत्तर मिळाले की तो कधी स्वतः निघून जाई, कधी बाहेर कोणाला खूण करी.

"हे कोण?" मी यादवला हळूच विचारले.

"उपाध्यांकडचे आहेत."

"मांडवात काय करतात?"

"असतात," यादव म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

'असतात' हे काही उत्तर नव्हे. नाशिकात उतरणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला पहिले तेच दोन प्रश्न ऐकू येतात, हे आम्हा गावकऱ्यांना नवे नाही. गाव आणि आडनाव कळले की तो कोणत्या उपाध्यांचा यजमान हे ठरते. पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी आहे. एकेका यात्रेकरूचे दोन हात दोन बाजूंनी ओढलेले मी स्वतः पाहिले आहेत. आता या भल्या मंडळींनी सेवेच्या नावाखाली हरवलेली, घाबरलेली माणसे गोळा करायची आणि त्यांची गावे उपाध्यांच्या कानी घालायची! मांडवाचे कापड कोणी दिले म्हणून विचारले, तर खंडेरावांनी अगदी सरळ सांगितले, "उपाध्ये मंडळींनी." इतके सरळ सांगितले याचाही मला संशय आला.

इतक्यात यादवने एका म्हातारीला कोपराला धरून आत आणले. हिरवे लुगडे ओलेच होते. मांडीवर गाठोडे घेऊन ती पट्टीच्या टोकाला बसली.

"आजी, गाव कोणतं?"

म्हातारीने ओठ आवळले.

"आडनाव तरी सांगा, आजी," उपरणेवाला पुढे येऊन म्हणाला. त्याचा आवाज फार गोड होता.

तिने पदराने तोंडच झाकले. ते दोघे कंटाळून दुसरीकडे गेले. मग माझ्या अंगात काय संचारले कोण जाणे, मी आपण होऊन तिच्याजवळ सरकलो आणि म्हणालो, "बाई, सांगायचं नसेल तर सांगू नका. इथं सगळेच आपले नाहीत."

अनोळखी बाईशी मी स्वतःहून बोललो होतो. मला माझेच नवल वाटले, आणि खोटे कशाला बोलू, थोडा अभिमानही.

म्हातारीने पदर खाली केला. "म्या बी त्येच म्हन्ते, दादा. पोरानं बजावून सांगितलंय, आपला भट ठरल्याला हाय, वाटंत कुनी गाव इचारलं का गप ऱ्हायाचं. न्हायतर दुसराच कुनी वढून नेतो."

तिचे नाव लंकाबाई. न्हाताना सुनेचा हात सुटला आणि गर्दीने तिला भलत्याच घाटावर नेऊन सोडले. कोणत्या घरी उतरलात म्हणून विचारले तर म्हणाली, "मोठं घर हाय. लय बायका हायेत. वाट नाय ठावं." आम्ही दोघे शेजारी गप्प बसून राहिलो. दोन शहाणी माणसे, असे मला वाटत होते.

उपरणेवाल्याने सगळ्यांना चहा दिला. मी घेतला. लंकाबाईने घेतला नाही.

हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. येवल्याकडच्या एका म्हाताऱ्याने गाव सांगितले. उपरणेवाला गेला आणि थोड्या वेळाने म्हाताऱ्याच्या भावाला घेऊन आला. दोघे गळ्यात पडून रडले. मग एका बाईचा नवरा आला. मग सिन्नरकडच्या दोघी बहिणी गेल्या. पट्टी रिकामी होत होती. आमचे टोक तेवढे तसेच होते.

"यादव," मी विचारले, "ही माणसं इतक्या लवकर सापडतात कशी?"

"आप्पा, तुम्ही नाशिकचेच ना?" तो हसला. "गाव कळलं की उपाध्या कळतो. उपाध्या कळला की कुणाच्या घरी उतरलेत ते कळतं. नाहीतर एवढ्या यात्रेत काय मी नदीच्या काठानं हाका मारत हिंडू?"

गावोगावची माणसे आपापल्या उपाध्यांकडे उतरतात हे मी जन्मभर पाहत आलो होतो. पण त्या गोष्टीला अशीही एक बाजू असेल, हे डोक्यात आले नव्हते. तरीही मन म्हणत होते, यात उपाध्यांचा फायदा आहेच. आहेच की! पण येवल्याचा म्हातारा भावाला भेटला, हेही खरेच होते.

मी लंकाबाईकडे परत आलो. ती बाहेरचे ऊन बघत होती.

"दादा, जेवनं झाली आसतील आता. जेवनं झाली का गाड्या जुपायच्या, आसं ठरलंय."

"तुम्हाला सोडून कसे जातील?"

"तीन गाड्या हायेत ना. ह्या गाडीवाल्याला वाटंल म्हातारी त्या गाडीत बसली, त्या गाडीवाल्याला वाटंल ह्या गाडीत. गावात गेल्यावर कळंल." तिचा आवाज बारीक झाला. "मंग मला कोन नेनार? मला तर ह्या गावातला आपला भट बी ठावं नाय."

मी म्हणालो, "बाई, मग आता गाव सांगून टाका."

तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिले.

"मघाशी म्हनलात सांगू नका. आता म्हनता सांगा. मदी काय झालं? त्या उपरन्यावाल्यानं च्या पाजला म्हनून?"

खरोखरच पाजला होता. कान तापलेले मला जाणवले. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली.

"तसं नाही हो. मघाशी मला वाटलं, हे लोक लबाड आहेत."

"आन आता?"

"आता... अजूनही थोडं वाटतं. पण तुमची माणसं त्यांनाच सापडतील. माझं चुकलं. मला माणसं पटकन कळत नाहीत."

"आसं कुनी सोताच सांगतं व्हय?" लंकाबाई म्हणाली. तिचा संशय वाढला की कमी झाला ते मला समजेना. "बरं. तुमी आदी सांगा. तुमचं गाव कोनतं?"

उपरणेवाला ऐकत होता, यादव ऐकत होता, खंडेराव कापडाच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होते. मला भलताच संकोच वाटला.

"मूळचे आम्ही विंचूरचे."

"विंचूरचं? मंग सांगा, गावात शिरताना आदी काय लागतं? माजी मावशी दिलीय तिथं."

मी लहानपणीच विंचूर सोडले होते. घाईने आठवू लागलो तर काहीच आठवेना. "वेस," मी शेवटी म्हणालो. "मोठी वेस होती. आता आहे की नाही, मला माहीत नाही. उगाच हो म्हणत नाही."

"आर्दी पडली," ती म्हणाली. "पन व्हती." मग तिने मला जवळ बोलावले आणि माझ्या कानात सांगितले, "दारणासांगवी. पन तुमी संगं यायचं. मी त्या मानसासंगं एकली नाय जानार."

मी उपरणेवाल्याला बाजूला घेऊन गावाचे नाव सांगितले. ते ऐकताच त्याचा चेहरा बदलला. नजर एकदा म्हातारीकडे गेली, एकदा खंडेरावांकडे. आता हा थाप मारणार, तिला आपल्याच घरी नेऊन बसवणार, अशी माझी खात्री झाली.

"हे गाव आमचं नव्हे," तो हळूच म्हणाला. "सीतागुंफेच्या बोळात जा. पिवळ्या खिडक्यांचं घर. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका. त्यांचं आमचं बोलणं नाही."

आम्ही निघालो. लंकाबाईने मला पुढे घातले. "तुमी म्होरं चाला, मी मागनं बघते," ती म्हणाली. मी गाठोडे घेऊ का म्हणून विचारले, तर तिने ते दुसऱ्या काखेत घेतले. बोळांत चिखल, शेण, फुले आणि माणसे. दर काही पावलांनी मी मागे वळून ती आहे ना ते पाही, आणि मी पळून तर जात नाही ना, हे ती पाही.

पिवळ्या खिडक्यांच्या घरी एक बाई उष्टी काढत होती. "सांगवीकर? गेले की! आडगाव नाक्यापाशी गाड्या सोडल्या होत्या त्यांनी. धावा!"

मला धावता येत नाही. तरी त्या दिवशी जे काही केले त्याला दुसरा शब्द नाही. काळी टोपी हातात घेतली. छाती भरून आली, डोळ्यांपुढे काजवे आले. लंकाबाई आता माझ्या पुढे होती. "चला ना वो दादा," ती ओरडत होती. "गाडी हालंल!"

नाक्याजवळ पहिली गाडी रस्त्याला लागलीच होती. दुसरीचे बैल जुंपत होते. लंकाबाईने "धोंडीराम!" अशी हाक मारली की शेजारच्या गाड्यांचे बैलसुद्धा बुजले.

एक धिप्पाड माणूस धावत आला. त्याने आईला दोन्ही खांद्यांना धरले. "आगं, तू म्होरल्या गाडीत व्हतीस ना?" आणि मग एवढा मोठा माणूस रस्त्यातच तिच्या पायांशी बसला.

थोड्या वेळाने त्याची नजर माझ्यावर गेली. तो उठला.

"तुमी कोन? कुनाकडचं? काय द्यायचं तुमाला?"

"काही नको," मी धापा टाकत म्हणालो.

"काहीच नको?" त्याने डोळे बारीक केले. "मंग कशापायी आलात?"

हाच प्रश्न मी इतके दिवस खंडेरावांबद्दल, सलाउद्दीनबद्दल आणि आज यादवबद्दलही मनात विचारीत होतो, आणि आता तो माझ्यावर आला तर माझ्याकडेही सांगण्यासारखे काही नव्हते.

"आरं, त्यांना सोड," लंकाबाई गाडीत चढता चढता म्हणाली. "त्यो बापडा आपल्यापरीस घाबरट हाय."

धोंडीरामचा विश्वास बसला असे मला वाटत नाही. गाडी बरीच पुढे जाईपर्यंत तो मागे वळून माझ्याकडे पाहत होता.

उन्हे उतरताना मी मांडवात पोचलो. खंडेरावांनी मडक्यातले पाणी दिले. मी ते पिऊन म्हणालो, "खंडेराव, मी इथं बसून विचारपूस करणार नाही. मला ते जमत नाही. मी बसलो की शंका घेत बसतो. पण माणसं पोचवायचं काम मला द्या."

"पायी? या वयात?"

"हळूहळू जाईन."

"बरं," ते म्हणाले. फार चटकन म्हणाले. मला मांडवातून बाहेर ठेवायचे त्यांच्याही मनात असावे, असे मला वाटून गेले. असेल. उपरणेवाला खांबाशी उभा होता आणि कोणाच्या तरी गावाचे नाव ऐकत होता. मी त्याच्यावरची नजर काढली नाही, अजूनही काढलेली नाही.

"ह्या कुसाबाई," यादव म्हणाला. "दिंडोरीकडच्या. घर पलीकडच्या तीरावर निघालं. नेता?"

कुसाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि यादवला विचारले, "ह्यो मानूस बरा हाय ना?"

यादव माझ्याकडे पाहू लागला. मी पुलाच्या दिशेने चालू लागलो, आणि त्या बाई, बरेच अंतर ठेवून, माझ्या मागे आल्या.