बिनमिशांचा आठवडा

मिशा काढायला मी न्हाव्याकडे गेलो नाही. एकेचाळीस वर्षं सांभाळलेली वस्तू परक्याच्या हाती देणं जमलं नसतं. सोमवारी सकाळी स्वतःच आरशासमोर उभा राहिलो आणि पाच मिनिटांत कार्यक्रम उरकला.

दोष हवेचा. दिवाळीनंतर आमच्या दिल्लीच्या द्वारकेत समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते, तशी यंदाही झाली आणि माझा खोकला हटेना. डॉक्टरांनी माझा मास्क बोटांनी दाबून बघितला. "अंकलजी, मूँछें गालों तक हैं, मास्क बैठेगा कैसे? सारी हवा बगल से अंदर जा रही है." मिशा की फुप्फुसं, असा सरळ सवाल. केंद्र सरकारच्या नोकरीत निर्णय लांबवण्यात माझा कोणी हात धरला नसता, पण खोकल्यापुढे इलाज चालेना.

आरशात दिसला तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. वरचा ओठ पांढराफटक, चेहरा जरा घाबरलेला. अलकनंदा असती तर माझा वस्तरा धुऊन व्हायच्या आत तिने शेजाऱ्यांचा अख्खा मजला गोळा केला असता. लग्न झाल्यापासून "एकदा काढून दाखवा ना" म्हणायची आणि मी ऐटीत नाही म्हणायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. एकदा ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? मला भरून आलं. वाटलं, आता कोणीतरी एकाने हे तोंड बघावं आणि खो-खो हसावं.

पण बघणार कोण? बाहेर मी मास्कमध्ये आणि घरात मी एकटा.

मंगळवारी गेटवर शंकर या आमच्या वॉचमनसमोर मी मुद्दाम मास्क हनुवटीवर ओढला आणि इकडचं तिकडचं बोलत राहिलो. "साहब, मास्क ऊपर कर लीजिए, आज हवा बहुत खराब है," तो कळवळून म्हणाला. स्वतः बिचारा नाकावर गमछा गुंडाळून उभा होता. त्याच्यावर काय रागावणार? बुधवारी लिफ्टमध्ये तोंड उघडं केलं, तर माझा खोकला ऐकून शेजारीण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

राहता राहिला माझा मुलगा, सुयश. तो फरीदाबादला असतो, मेट्रोने दीड-दोन तासांवर. पूर्वी दर रविवारी बायकोला, वल्लरीला, घेऊन यायचा. आता "हवा सुधारली की येतो, बाबा" एवढंच ऐकतो आहे. दिल्लीच्या हवेवर सोडलं की संपलंच!

रविवारी अकराला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. मी साडेदहापासूनच खिडकीपाशी, उजेडात तोंड करून बसलो होतो.

"बाबा, खोकला कसाय?" तो लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होता.

"कमी आहे. मास्क आता अगदी घट्ट बसतो." का बसतो, ते विचारेल असं वाटलं.

"गुड. बिल्कुल काढू नका हं. वल्लरीपण हेच सांगत होती."

"सुयश, जरा बघ रे माझ्याकडे."

त्याने मान वर केली. स्क्रीनजवळ येऊन डोळे बारीक केले. मी हनुवटी जरा वर केली.

"अरे यार, काहीतरी चेंज आहे! थांबा, सांगू नका हं." लहानपणी कोडं घातलं की करायचा तसा चेहरा केला त्याने. मग एकदम हसला. "चष्मा! नवीन घेतलात ना?"

चष्मा सहा वर्षांचा जुना आहे. मला रडू आलं असतं, पण तो इतका खूश दिसत होता आणि त्याची बोटं टाइप करायची थांबली होती.

"हो," मी म्हणालो. "बरोबर ओळखलंस."

"मस्त दिसतोय, बाबा."

आता तो पुन्हा मान खाली घालणार, हे मला कळलं.

"अरे, फ्रेमच पसंत पडेना," मी घाईघाईने म्हणालो. "तासभर बसलो होतो दुकानात. ऐक तर, काय काय झालं ते."