उशीवरून दिसणारी फट

मित्रांनो, मी दवाखान्याच्या वॉर्डातला एक जुना पडदा आहे. तीन लोखंडी चौकटी, त्यांवर हिरवं कापड आणि खाली करकरणारी चाकं, एवढाच माझा संसार. पण नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! ज्याच्या खाटेभोवती उभा राहायचो, त्याची लाज राखायचो. मग इतर वॉर्डांत छतापासून लोंबणारे पडदे आले आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. उकळत्या पाण्यात धुऊन धुऊन माझं कापड आटलं आणि कडेला चार बोटांची फट पडली. कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

अशात पाय मोडून एक म्हातारे शिंपीकाका दाखल झाले आणि मला कपाटामागून काढून त्यांच्या खाटेभोवती उभं केलं. त्यांचं पोट काही साफ होईना. गोळ्या झाल्या, औषधं झाली. पोट नगाऱ्यासारखं टणक झालं. काकांनी जेवण टाकलं. सून पाण्याचा पेला देऊन वळली, की तोही बाजूला सारायचे. त्यांनी जगण्याची आशाच सोडली, असं वाटून ती बिचारी समोरच्या बाकावर बसून डोळे पुसायची.

मग मोठ्या सिस्टर रजेवरून परतल्या. त्यांनी काकांच्या पोटावर हलकेच हात फिरवला आणि चहापाणी विचारावं इतक्या सहज सगळं विचारलं. घरी सवय कशी, कधी जाता, पाणी का पीत नाही?

"सिस्टर, प्यायलो तर जावं लागेल," काका हळूच म्हणाले. "आणि इथून सगळं दिसतं हो."

सिस्टर वाकल्या. त्यांनी आपलं डोकं काकांच्या उशीला टेकवलं आणि तिथून पाहिलं. माझ्या फटीतून नेमका सुनेचा बाक दिसत होता! इतकी वर्षं मी उभा आहे, पण आतून मला असं कुणी पाहिलं नव्हतं. मी थक्कच झालो.

त्यांनी फटीवर चादर टाचली. सुनेला चहाला पाठवलं. काकांना कोमट पाणी पाजलं, आधार देऊन भांड्याच्या खुर्चीवर बसवलं, घंटी हाताशी दिली. "सावकाश होऊ द्या. मी बाहेर आहे," म्हणाल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. कसली घाई नाही, की नाकाला रुमाल नाही. केवढं मोठं मन म्हणायचं हे!

बऱ्याच वेळानं आतून घंटी वाजली. काका घामानं निथळले होते आणि लहान मुलासारखे हसत होते. सून परतली तेव्हा म्हणाले, "सूनबाई, जेवायला आण काहीतरी. भूक लागलीय."

घरी जाण्याआधी काकांनी सुईदोरा मागवला आणि खाटेवर बसूनच माझ्या कडेला जुन्या चादरीची पट्टी शिवली. टाका इतका बारीक, की शोधून सापडणार नाही.

मित्रांनो, आजाऱ्यासाठी पडदा जरूर ओढा. पण तो पुरतो का, हे एकदा त्याच्या उशीवर डोकं टेकवून बघा.