शिट्टी होईपर्यंत

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे भांडे पाहिलेही नसेल. मी एक जुना दुधाचा कुकर आहे. दिसायला साध्या उभ्या पातेल्यासारखा, एका बाजूला काळी मूठ. पण माझ्या अंगाला दोन भिंती आहेत आणि त्यांच्यामध्ये पोकळी आहे. मुठीजवळच्या तोटीतून पोकळीत पाणी भरायचे, तोटीवर शिट्टी बसवायची, आत दूध ओतायचे आणि मला गॅसवर ठेवायचे. आच आधी पाण्याला लागते, मग दुधाला. म्हणून दूध करपत नाही, उतू जात नाही. पाणी उकळले की वाफ शिट्टीतून जोराने बाहेर पडते आणि मी ओरडतो.

दुसऱ्याच्या वतीने लक्ष ठेवायचे आणि वेळ झाली की हाक मारायची, एवढ्यासाठीच मला घडवले आहे. त्यामुळे माझा स्वभावच काळजी करण्याचा. नाही ओरडलो तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यातून कधी जात नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी सुभद्राने मला लालबागच्या भांड्यांच्या दुकानातून आणले. तेव्हा ती नवी नवरी होती. नायगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तिची एक खोली होती. खोलीचे दार दिवसभर उघडे असे. सुभद्रा मला गॅसवर ठेवून नळावर जाई, कपडे वाळत घाली, गप्पांत रमे. मी ओरडलो की आधी समोरच्या राधाबाई ओरडत, "गे सुभद्रे, शिटी वाजता हा! कान खंय ठेवलंस?" मग सुभद्रा ओल्या हातांनी धावत येई. मजला सगळा माझ्या आवाजावर चाले म्हणा ना. माझी शिट्टी झाली की शेजारची पोरे शाळेचे दप्तर उचलत.

पुढे घरात मायक्रोवेव्ह आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे किती वर्षे पालथा पडून होतो, ते मोजायचे मी सोडून दिले. मग चाळ नव्याने बांधायला निघाली. खोल्या रिकाम्या करताना सुभद्राच्या मुलाने, वैभवने, मला खाली काढले आणि भंगाराच्या ढिगावर ठेवले. त्याची बायको नूपुर जवळच उभी होती, कडेवर त्यांची छोटी मनवा. ती म्हणाली, "राहू दे रे हा. बाळाचं दूध आहे, उतू जातं सारखं."

अशा रीतीने मी परळच्या एका उंच इमारतीत सतराव्या मजल्यावर आलो. चाळ तयार होईपर्यंतचे हे भाड्याचे घर. सुभद्रा गावी गेली, कुडाळजवळच्या घराची डागडुजी करायला. वैभव सकाळी आठला जाई तो रात्री आठला येई. घरात उरत नूपुर, मनवा आणि मी. इथे दारे बंद असतात. समोर कोण राहते, हे नूपुरला सहा महिन्यांनंतरही नीट माहीत नव्हते. मी ओरडलो की माझा आवाज आमच्याच चार भिंतींत फिरून थांबे.

नूपुर शिकलेली, दादरची नोकरी मनवासाठी सोडलेली. तिला एका गोष्टीची धास्ती होती. मनवा पावणेदोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. "आई", "पापा", "नाय" आणि पाण्याला "भू". एवढेच. नूपुर ते चार शब्द रोज बोटांवर मोजी, जणू रात्रीत एखादा वाढला असेल. मग फोन उघडी. फोनमध्ये आयांचे गट होते. तिथे कुणाचा दीड वर्षाचा मुलगा गाणी म्हणे, कुणाची मुलगी रंग ओळखे. एक बाई हसतमुखाने सांगे की या वयात पन्नास शब्द यायलाच हवेत. नूपुर एक व्हिडिओ बघे, तिचा जीव घाबरा होई आणि धीर यावा म्हणून ती दुसरा बघे. दुसऱ्याने धीर येत नसे. मनवा येऊन तिचा गाऊन ओढी. नूपुर मान वर न करता म्हणे, "थांब हं सोनू, तुझंच बघतेय."

मित्रांनो, हे वाक्य मी ओट्यावरून किती वेळा ऐकले! आणि ते खोटे नव्हते, हेच माझे दुःख. ती खरोखर मनवाचेच बघत होती.

एका रविवारी वैभवने तिचा फोन हातात घेतला आणि दिवसाचा हिशोब काढला. "चार तास बावन्न मिनिटं! नूपुर, एवढ्या वेळात मी चिपळूण गाठलं असतं."

"तुझा दाखव आधी."

"माझं ऑफिसचं असतं गं."

"हो ना. क्रिकेटच्या क्लिपा बघायचाच पगार देतात तुला."

वैभव हसला, पण नूपुरचे डोळे भरले. "मला कळतं रे. मी ठरवते दहा मिनिटं, आणि बघते तर तास गेलेला असतो. फोनमध्ये वेळेचं बंधन लावलं, तर तोच विचारतो, आणखी पंधरा मिनिटं हवीत का? मी हो म्हणते. कोण नाही म्हणेल?"

दुसऱ्या दिवशी तिने मला गॅसवर ठेवले, फोन हातात घेतला आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "शिट्टी होईपर्यंत. नंतर नाही."

मी किती हरखलो म्हणून सांगू! सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा, फ्रिजमधले गार दूध, नळाचे पाणी, मध्यम आच. मी तेरा मिनिटांनी ओरडे. माझ्याशी हुज्जत घालता येत नसे. मी "आणखी हवीत का" असे विचारत नाही. शिट्टी झाली की नूपुर गॅस बंद करी, फोन फ्रिजवर पालथा ठेवी आणि मनवाला उचलून गोल फिरवी. "झाली शिट्टी! आली आई!" मग दोघी खिडकीशी बसून दूध पीत आणि खालच्या लाल बसगाड्या बघत. आठवडाभरात असे झाले की शिट्टी वाजताच मनवा जिथे असेल तिथून टाळ्या पिटत स्वयंपाकघरात धावे, दोन्ही हात वर करून.

तीन आठवडे गेले. मग एके दिवशी नूपुरने आच जरा मंद केली. दुधासाठी बरी असते, असे ती पुटपुटली. तेराची वीस मिनिटे झाली. पुढच्या आठवड्यात माझ्यात काठोकाठ पाणी भरले गेले. एकाऐवजी दोन पिशव्या दूध ओतले गेले, तेही उद्यासाठी असू दे म्हणून. मी सगळे ओळखत होतो. वाफ साचेपर्यंत मला तोंड उघडता येत नाही, हा माझा नाइलाज.

आणि मग तो गुरुवार आला. दुपारचे चार. आदल्या दिवशी नूपुरने आयांच्या गटात स्वतःच एक प्रश्न टाकला होता, "मुलगी बावीस महिन्यांची होईल, चारच शब्द बोलते, घाबरू का?" त्यावर साठ-सत्तर उत्तरे आली होती. मला गॅसवर ठेवून ती वाचू लागली. पंधरावीस मिनिटांत पाणी कुजबुजू लागले. तिने माझ्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले, फडक्याने धरून शिट्टी काढली आणि ओट्याच्या कडेला ठेवली.

"पाचच मिनिटं," ती मला म्हणाली. मला म्हणाली, मित्रांनो. म्हणजे आपण काय करतोय हे तिला ठाऊक होते.

माझ्या तोटीतून नुसतीच वाफ निघू लागली. आवाज नाही. मनवा आली, गाऊन ओढला, "आई". "थांब सोनू." पुन्हा ओढला. "थांब ना गं, तुझंच..." वाक्यही पुरे झाले नाही. मनवा थोडा वेळ उभी राहिली. मग ओट्याच्या कडेवर पाच इवलीशी बोटे आली, चाचपडली, आणि निवलेल्या शिट्टीवर मिटली.

मी ओरडायला हवे होते. त्याच क्षणासाठी मला घडवले आहे. पण ओरडू कशाने? माझा आवाज त्या पोरीच्या मुठीत होता.

शिट्टी माझाच अवयव आहे, म्हणून पुढचे मला ठाऊक आहे. मनवा आतल्या खोलीत पलंगाजवळ गेली. तिने शिट्टी उलटसुलट केली, तोंडाला लावली. फुस्स झाले. पुन्हा फुंकली. तिसऱ्या वेळेस बारीक आवाज निघाला, पीं.

"आले हं," नूपुर म्हणाली. नजर फोनवर, हात सवयीने गॅसच्या बटणावर. गॅस बंद झाला. मग तिने मान वर केली. माझी तोटी उघडी होती. ओट्याची कडा रिकामी होती.

मग वाजले कुठे?

आतून आणखी एकदा पीं झाले आणि एकदम थांबले.

मित्रांनो, शिट्टीचा आवाज थांबण्याची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. नूपुर धावली आणि खोलीच्या दारात थबकली. मनवाचे ओठ मिटलेले होते, एक गाल फुगलेला. शिट्टी आख्खी तोंडात गेली होती. आई दिसताच मनवाचे डोळे चमकले. तिने दोन्ही हात वर केले. ती हसण्याच्या बेतात होती.

हसली असती, दचकली असती, धावली असती, तरी शिट्टी घशात उतरली असती. नूपुरच्या घशाशी किंकाळी आली होती. ती तिने गिळली. अशा वेळी मुलाला घाबरवू नये, तोंडात बोट घालून आत ढकलू नये, हे तिला माहीत होते. कुठे शिकली होती? फोनवरच. खोटे कशाला बोलू.

ती हळूच जमिनीवर बसली. फोन बाजूला ठेवला. चेहऱ्यावर हसू आणले. "मनू," ती म्हणाली, "आईकडे बघ. आ कर. आऽऽ."

मनवाने मान हलवली. खेळ आहे असे तिला वाटले.

"आईचं तोंड बघ केवढं मोठ्ठं. आऽऽ." नूपुर गुडघ्यांवर सरकत जवळ आली. जमिनीवरचा फोन वाजला, एकदा, दोनदा. तिने बघितलेसुद्धा नाही. एक हात तिने मनवाच्या पाठीमागे नेला, तिला अलगद पुढे वाकवले आणि दुसरा तळवा हनुवटीखाली धरला. "आणि आता भू सांडतो तसं. थूऽऽ कर."

मनवाने तोंड उघडले. लाळेसकट शिट्टी आईच्या तळव्यात पडली.

नूपुरने मूठ मिटली, लेकीला छातीशी धरले आणि मग ती रडली. मनवाला काहीच कळेना. तिने आईची मूठ उघडायचा प्रयत्न केला, शिट्टीकडे बोट दाखवले, हात वर केले आणि टाळी वाजवली. तेव्हा नूपुरच्या लक्षात आले. ती रडता रडता थांबली.

संध्याकाळी तिने सुभद्राला फोन लावला. "आई, आज माझ्यामुळे मनवा..." सगळे सांगितले, आच मंद केल्यापासूनचे. "ती खेळत नव्हती हो. शिट्टी झाली की मी फोन ठेवते, तिला उचलते, हे तिला कळलंय. ती मला बोलावत होती."

पलीकडून सुभद्रा म्हणाली, "लागलं-बिगलं नाय ना चेडवाक, आमच्या मनवाक? बरं. रडू नको. अगो, शब्द नाहीत म्हणतंस ना तिच्याकडे? मग ह्यो काय तो?" ती पुढे म्हणाली, "खुशाल फोन बघ, तुझो जीव एकटो असता ता माका कळता. पण पोरीक पुन्यांदा शिटी शोधूक लावू नको."

त्याला आता महिना होत आला. माझी शिट्टी जाड दोऱ्याने मुठीला बांधली आहे आणि मला ओट्याच्या आतल्या बाजूला, भिंतीलगत ठेवतात. पाणी खुणेपर्यंतच भरतात. नूपुर मनवाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. आधी कानांची तपासणी करू म्हणाले, येत्या मंगळवारी. घाबरायचे की नाही, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. म्हणून धास्ती गेलेली नाही. माझीही नाही. काल चार वाजता फोन वाजला तेव्हा नूपुरचा हात दोनदा उठला आणि दोनदा खाली आला. मग तिने मनवाला माझ्यापासून लांब, दाराशी नेऊन बसवले आणि सांगू लागली, "ते दूध. ती वाफ. आता काय होणार?" मनवा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

मित्रांनो, फोन वाईट, असे मी म्हणणार नाही. एका दुपारी त्यानेच शिकवलेले कामी आले आहे. मी एवढेच मागतो, की तो हातात घेण्याआधी खाली कधी ठेवणार ते ठरवा. आणि वेळ झाली हे सांगणारे घरात जे कोणी असेल, कुकर असो की माणूस, त्याचा आवाज काढून बाजूला ठेवू नका. कारण मग तुम्हाला हाक मारण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान माणसावर येते.