यादवरावांची दुर्बीण

मी एक जुनी, मार बसलेली दुर्बीण आहे. ‘मित्रांनो’ म्हणते आहे तुम्हाला, पण खरं सांगायचं तर माणसांशी माझी मैत्री उरलेली नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या येना गावचा. तिथल्या कारागिरांनी माझी भिंगं घासली, तेव्हा धुळीचा एक कण आत जाऊ दिला नाही. पुढे एका वनरक्षकाने तीस वर्षं मला गळ्यात वागवलं. तो वारल्यावर त्याच्या मुलांनी मला जुन्या बाजारात नेऊन टाकलं. तिथून उज्ज्वलने मला उचललं. तो येनातल्याच एका कारखान्यात दिवसभर भिंगं तपासतो. वाटलं, जाणकाराच्या घरी पडले. चुकले मी.

गेल्या वर्षी त्याचे वडील, यादवराव, मनमाडहून आले. ते रेल्वेत गँगमन होते. हातोडा घेऊन बत्तीस वर्षं रुळांवरून चाललेले. उज्ज्वलचं शिकागोला काम निघालं, तेव्हा सून यामिनी म्हणाली, "बाबांनाही ने. तिथून आगगाडीने कॅलिफोर्नियापर्यंत जा. दोघं जरा बोला तरी." उज्ज्वलने मला यादवरावांच्या हाती दिलं. बोलायला लागू नये म्हणून दिलं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

गाडी सुटली. मक्याची शेतं संध्याकाळपर्यंत संपेनात. मग मोठी नदी आली. सकाळी डोंगर लागले, लांबलचक बोगदा आला, आणि नंतर तांबड्या कड्यांच्या तळाशी रुळांना लागून वाहणारं पाणी. एवढा मोठा मुलूख मी कधी पाहिला नव्हता. यादवराव मला खाली ठेवतच नव्हते.

"उज्ज्वल, अरे बघ, कडा कसा तोडलाय! रूळ टाकणाऱ्यांचे काय हाल झाले असतील!"

"बाबा, मीटिंग चालू आहे."

तीनदा हेच झालं. चौथ्यांदा यादवरावांनी हाक मारली नाही.

दुपारी कोलोरॅडोतल्या एका स्टेशनावर गाडी थांबली. मला आसनावर ठेवून यादवराव पाय मोकळे करायला उतरले. गाडी सुटायची वेळ झाली, तरी त्यांचा पत्ता नाही. घाबरलेल्या उज्ज्वलने मला डोळ्यांना लावलं. फलाटाच्या अगदी टोकाला ते एका नारिंगी जाकिटातल्या कामगाराशी हातवारे करून बोलत होते. रुळाकडे बोट दाखवत होते. "जय भीम" म्हणून त्यांनी हात उंचावला, आणि काही न कळताही त्या माणसाने हात उंचावला. दोघं खळखळून हसले. माझ्यातून त्यांचे दातसुद्धा दिसत होते.

उज्ज्वल मला हातात घेऊन धावला आणि त्यांना दंडाला धरून ओढतच डब्याच्या दारात घेऊन आला.

"गाडी गेली असती म्हणजे? अक्कल आहे का काही?"

"दोन शब्द बोललो रे. आपल्याच कामाचा माणूस होता."

"आपल्या? माझ्याशी कधी असे हसलात? आई गेली तेव्हासुद्धा तुम्ही रुळावर होतात!"

"पुलाखालची माती वाहून गेली होती त्या दिवशी. मेल येणार होती. कसा सोडून येऊ?"

"नेहमी कुठलीतरी मेल येणारच असायची!"

त्याने हात झटकला. मी लोखंडी पायरीवर आपटले. माझ्या डाव्या नळीतली काच सरकली. दोघांनीही ते पाहिलं, मला उचललं मात्र यादवरावांनीच. पुढचा सगळा प्रवास कोणी कोणाशी बोललं नाही. सकाळी वाळवंट आलं, मग बर्फाची शिखरं आली. सगळं फुकट गेलं.

येनाला परतल्यावर उज्ज्वलने मला केलरमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या तळघरात, ओल्या भिंतीशी ठेवलं. यादवराव निघताना म्हणाले, "ती दुर्बीण मला दे."

"मोडलीय ती. नवी पाठवतो."

"नवीतून मी काय बघितलंय?" एवढंच बोलून ते विमानतळावर गेले.

पावसाळी हिवाळा गेला. माझ्या काचांना आतून बुरशी लागली. दिवसभर भिंगं तपासणारा हा माणूस सायकल ठेवायला रोज खाली येई आणि माझ्याकडे पाठ करून निघून जाई. मला त्याचा संताप येई.

मार्चमध्ये यामिनीला मी सापडले. न विचारता तिने मला खोक्यात घातलं आणि वर मनमाडचा पत्ता लिहिला. उज्ज्वल दारात येऊन थांबला.

"अशी पाठवू नकोस," तो म्हणाला.

त्याने मला टेबलावर उघडलं. तीन तास लागले त्याला. उजवी नळी स्वच्छ झाली. डाव्या काचेत बुरशी खोल गेली होती, ती निघेना. तो घासत राहिला, शेवटी थांबला.

"बाबांना काय लिहू?" यामिनीने विचारलं.

"काही नको. पोस्टात टाक."

फोनही त्याने केला नाही. मित्रांनो, तो किती वेळ घासत राहिला हे मी पाहिलं, तरी मी त्याला माफ केलेलं नाही. तुमच्या हातून काही पडलं तर त्याच दिवशी उचला, उघडून बघा, पुसा. उशीर झाला की वरवरची बुरशी पुसता येते, पण तिने खाल्लेली काच परत येत नाही.