बाबांचे रातकिडे

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, स्टीलच्या ताटावर कुणी चमचा घासतंय आणि तो आवाज थेट तुमच्या कानात शिरतोय. अंगावर काटा आला ना? ढाणकी गावच्या प्रेरणाने बाबांचे इअरफोन कानात घातले की तिला अगदी तसंच व्हायचं. भजनातल्या झांजा टोचायच्या. कुणी बोललं तर प्रत्येक ‘स’ सुईसारखा लागायचा.

घरात फोन एकच. दुपारी प्रेरणा त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघायची, संध्याकाळी बाबा कीर्तन ऐकायचे. तिचे बाबा गोपालराव जिनिंगमध्ये मशीनवर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं हंगामभर अशी धडधडतात, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

प्रेरणाने आधी आवाज कमी केला, तर शब्दच कळेनात. मग बाबांच्या सदऱ्याला चिकटलेला कापूस घेऊन त्याचा पातळ पदर इअरफोनच्या जाळीवर बसवला. टोचणं कमी झालं, पण कापूस सारखा गळून पडायचा. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये तिला आवाजाच्या पट्ट्या सापडल्या. डावीकडे जाड आवाजाच्या, उजवीकडे बारीक आवाजाच्या. उजवीकडच्या सगळ्या कुणीतरी पार वर नेऊन ठेवल्या होत्या. तिने त्या मधोमध आणल्या आणि झांजा गोड वाजू लागल्या.

संध्याकाळी बाबा अंगणात खाटेवर बसले. इअरफोन घातले आणि लगेच काढले.

“कोनं हात लावला याले? बुवा तोंडात गोधडी कोंबून बोलून राह्यला.”

“मी लावला, बाबा. लय टोचत होतं. तुमाले नाई टोचत?”

“मले कायले टोचन? मीच वर सरकवल्या त्या पट्ट्या. तवा कुठं शब्द समजले.”

प्रेरणाने कुंपणाकडे पाहिलं. पलीकडे तुरीत रातकिडे बारीक आवाजात एकसारखे किरकिरत होते.

“बाबा,” तिने विचारलं, “आज रातकिडे लय ओरडून राह्यले, नाई?”

बाबा हसले. “रातकिडे कुठं उरले आता, बेटा? फवारून फवारून मारले सारे. दोन-तीन वर्स झाले, एक आयकला नाई मी.”

प्रेरणाने तुरीकडे बोट दाखवलं. बाबांचं हसू हळूहळू ओसरलं.

“तुले आता आयकू येऊन राह्यले?”

“हो.”

त्यांनी तुरीकडे मान वळवली.  मग खिशातून दोन रबरी बोंडं काढून तळहातावर ठेवली. जिनिंगमध्ये यंत्रांच्या आवाजापासून वाचायला, कानात घालायला दिलेली. अजून कोरी होती.

“संगची पोरं हासत म्हणून घातले नाई,” ते म्हणाले. “आईले सांगू नको. ते मले दवाखान्यात नेईन. मंग मुकादमाले समजलं, त मशीनवरून काढन मले.”

 प्रेरणाने उजवीकडच्या पट्ट्या पुन्हा वर नेल्या, त्यांच्यासाठी होत्या तशा, आणि फोन त्यांच्या हातात दिला. मग ती घरात गेली. आई, कोकिळाबाई, मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी फिरवत होती. प्रेरणाने मिक्सर बंद केला.

“आई, अंगणात चाल,” ती म्हणाली. “बाबाले काय आयकू येत नाई, ते तुले सांगाचं हाय. त्याईच्या समोरच सांगतो.”

आणि आईचा चटणीचा हात धरून ती बाहेर निघाली.