खरी मसल कार कोणती?

अथर्व नाडगौडाला बायकोचा पहिल्यांदा हेवा वाटला तो इडली खाताना.

चेन्नईच्या नुंगंबाक्कममधल्या एका हॉटेलात दर रविवारी सकाळी त्यांचा मोटारवेड्यांचा गट जमायचा. टेबलं एकमेकांना जोडायची आणि कॉफीवर कॉफी मागवत गाड्यांवर तावातावाने बोलत बसायचं. गटाचे कर्तेधर्ते वेंकटरमण. टायरच्या कंपनीतून निवृत्त झालेले, गोड बोलून माणसांना कामाला लावणारे गृहस्थ. त्या रविवारी त्यांनी पेल्यावर चमचा वाजवला आणि जाहीर केलं, की यंदाच्या वार्षिक सभेत एक जंगी वाद रंगवायचा : खरी मसल कार कोणती?

अथर्वने इडली सांबारात बुडवली आणि चेहरा शक्य तितका नम्र करून तो वाट बघू लागला. मसल कार म्हणजे त्याची वतनदारी. शहराबाहेरच्या मोटार कारखान्यात तो इंजिनांच्या चाचण्या घ्यायचा, आणि सांगलीला कॉलेजात असल्यापासून त्या जुन्या, दांडगट अमेरिकन गाड्यांवर त्याचा जीव होता. एकही गाडी त्याने प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण गटातल्या निम्म्या लोकांना मसल कार हा शब्दच त्याने शिकवला होता.

"एका बाजूने बोलेल," वेंकटरमण इंग्रजीत म्हणाले, "आपली चारुलता."

टाळ्या पडल्या. इडली सांबारात विरघळून गेली.

चारुलता मैलापूरची. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. तिची माणसं तीन शतकांपूर्वी तंजावरला आलेली, त्यामुळे तिच्या घरचं मराठी अथर्वला लग्नाआधी ऐतिहासिक नाटकातलं वाटायचं. 'मजला', 'तुम्हांस' असं ती सहज बोलायची आणि पुढचंच वाक्य तमिळमध्ये सुरू करायची. गाड्यांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तो अथर्वनेच जोडला, गटातही तिला त्यानेच आणलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी जेवता जेवता तो तिला व्ही-एट इंजिन समजावून सांगायचा, आठ वाट्या दोन ओळींत मांडून सिलिंडर दाखवायचा. ती प्रश्न विचारायची आणि तो फुलून यायचा. मग तिचे प्रश्न अवघड होत गेले. एके दिवशी त्याला उत्तर आलं नाही. तेव्हा त्याने हसून वेळ मारून नेली होती. आता ते सगळं त्याला आठवलं.

"दुसऱ्या बाजूने मी बोलतो," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला.

"नवरा-बायको? मग तर हॉल भरेल!" वेंकटरमण खूश झाले.

पुढचे काही दिवस घरात दोन छावण्या पडल्या. चारुलताला त्याच्या कपाटातली मासिकं हवी होती. ती शाळेत गेलेली असताना अथर्वने तो सगळा गठ्ठा पिशवीत भरला आणि कारखान्यातल्या लॉकरमध्ये नेऊन टाकला. संध्याकाळी तिने रिकामं कपाट पाहिलं.

"मासिकं कुठं गेली?"

"ऑफिसात लागत होती."

"असू द्या," ती म्हणाली आणि भाताचा कुकर लावायला गेली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला रात्रभर वाटत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळा सुटल्यावर हरिणीच्या घरी जाऊ लागली. हरिणी तिची कॉलेजातली मैत्रीण. तीही गटात होती आणि तिच्या घरी इंटरनेट होतं.

सभा मैलापूरच्या एका छोट्या सभागृहात होती. एरवी तिथे गाणं व्हायचं. आज व्यासपीठावर तंबोऱ्याच्या जागी दोन खुर्च्या आणि एक माइक होता.

आधी अथर्व बोलला, अर्थात इंग्रजीत. बोलणं मुद्देसूद होतं. मसल कार म्हणजे अमेरिकन. मसल कार म्हणजे दोन दारं, पुढे भलंथोरलं व्ही-एट इंजिन, मागच्या चाकांना ताकद. चौसष्ट साली पाँटिअॅक कंपनीच्या जीटीओ गाडीने वाट घालून दिली आणि सत्तरनंतर धुरावरचे कायदे, महागलेला विमा आणि तेलाची टंचाई यांनी ती बंद केली. मस्टँगसुद्धा खऱ्या अर्थाने या पंगतीतली नव्हे, ती अंगाने लहान. या चौकटीबाहेरच्या गाडीला मसल कार म्हणणं म्हणजे दिसेल त्या डोंगराला हिमालय म्हणणं. लोकांनी माना डोलावल्या. खाली बसताना त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग चारुलता उठली. हातात कागद नाही, काही नाही.

"यांनी गाडी मोजून दाखवली," ती म्हणाली. "मी विचारते, ती बनवली कुणासाठी? श्रीमंतांस वेगवान गाड्या आधीपासूनच होत्या. इथे काय घडलं? चारचौघांच्या घरातल्या साध्या गाडीत कुणीतरी तिला न शोभणारं, राक्षसी इंजिन बसवलं. आणि किंमत अशी ठेवली, की नुकती नोकरी लागलेल्या पोरानं हप्त्यानं घ्यावी. साधं अंग, अवाढव्य काळीज, आवाक्यातली किंमत. हे तीन जिथं जमतील तिथं मसल कार. देश कुठलाही असो, साल कुठलंही असो."

"कॉन्टेसा!" मागून कुणीतरी आपल्याकडच्या त्या जुन्या, रुबाबदार गाडीचं नाव ओरडलं.

"कॉन्टेसाची छाती पैलवानाची," चारुलता म्हणाली, "पण..." आणि इंग्रजी सोडून पुढचं ती तमिळमध्ये बोलली. सगळं सभागृह खदखदून हसलं. वेंकटरमणांनी चष्मा काढून डोळे पुसले. चेन्नईत पाच वर्षं काढलेल्या अथर्वला त्यातला एक शब्द कळला नाही. तो माइकशेजारी बसून उगाच हसला. हसता हसता त्याला दिसलं, की ही माणसं तिच्याकडे जशी बघताहेत तशी आपल्याकडे कधीच बघितली नव्हती. आपलं फक्त ऐकत होती.

उत्तर देण्याची पाळी आली तेव्हा त्याच्याजवळ चांगले मुद्दे होते. काळजाची व्याख्या कोण करणार, हा एक होता. पण तोंडातून भलतंच निघालं.

"गाडीच्या काळजाबद्दल आपण कुणाकडून ऐकतोय?" तो म्हणाला. "माझ्या बायकोला गाडी चालवता येत नाही. मी शिकवत होतो. पहिला गिअर समजून रिव्हर्स टाकला, आमच्याच इमारतीचं फाटक पाडलं आणि रडत चावी माझ्या हातात दिली. परत कधी स्टिअरिंगला हात लावला नाही!"

हशा पिकला. मगाच्यापेक्षाही मोठा. शेवटी वेंकटरमणांनी हात वर करायला सांगितले आणि अथर्वच्या बाजूने बरेच जास्त हात वर झाले. हरिणीने हात कुठल्याच बाजूने वर केला नाही. चारुलता हसतमुखाने बसली होती, फक्त मानेपर्यंत लाल झाली होती.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती.

"जिंकलांत," ती म्हणाली.

"अगं, गंमत होती ती. लोक हसले की."

"फाटकाचं मी माझ्या अप्पांसही सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, कुणास सांगणार नाही."

जिंकल्याचा आनंद कुठेतरी सांडून गेला होता आणि हेवा मात्र जागच्या जागी होता. याचंच त्याला नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. "मी शिकवतो की," तो म्हणाला. "नको," ती म्हणाली, तेही रागाने नव्हे, भाजीवाल्याला कोथिंबीर नको म्हणावं तसं. मग अथर्व सकाळी दाढी करताना खिडकीतून बघायचा. कपाळाला भस्म लावलेले म्हातारे मास्तर तिच्या शेजारी बसलेले असायचे, आणि गाडी आचके देत वळणावर दिसेनाशी व्हायची. त्या मास्तरांचाही त्याला हेवा वाटू लागला. हे जरा अतीच होतंय, हे त्याचं त्याला कळत होतं.

लायसन्स मिळालं तेव्हा ती ते हरिणीला आधी दाखवून आली. रविवारी दोघी हरिणीची गाडी घेऊन शहराबाहेरच्या कोवलमच्या किनाऱ्याला निघाल्या. अथर्व चपला घालून जिना उतरला.

"मी येऊ?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "मागं बसा," चारुलता म्हणाली.

ती सावकाश चालवत होती. गिअर बदलताना ओठ दाबून धरायची. एका बसला वाट देताना तिने गरजेपेक्षा आधी ब्रेक लावला. सूचना अथर्वच्या जिभेवर आली होती, ती त्याने गिळली. समुद्र दिसू लागला, होड्या दिसू लागल्या. गाडी थांबली तशी हरिणी शहाळं बघायला गेली आणि गाडीत दोघंच उरले.

"चारू," तो मागून म्हणाला. समोर तिचा अंबाडा होता, त्याच्याशीच बोलल्यासारखं वाटत होतं. "मला तुझा हेवा वाटला. त्यांनी तुझं नाव घेतलं तेव्हापासून. म्हणून मासिकं नेली आणि म्हणून ते बोललो. चुकलं माझं. फार चुकलं."

"ठाव आहे."

"अजून वाटतो."

ती वळली. हसली नाही, पण बऱ्याच दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तेही ठाव आहे. वाटला तर मजला सांगायचं. सभेस सांगायचं नाही."

"बरं."

"आणि काळीज म्हणजे काय, ते मी तिथं नीट मांडलं नव्हतं. तुम्ही ते विचाराल म्हणून मी घाबरले होते."

"विचारणारच होतो," अथर्व म्हणाला.

"मग आत्ता विचारा."

हरिणी तीन शहाळी कवटाळून परतली तेव्हा दोघं हातवारे करून भांडत होते. चौदाशे सीसीच्या छोट्या गाडीत दोन लिटरचं इंजिन बसवलं तर तिला मसल कार म्हणायचं का, यावर. तिने काचेवर टकटक केली, पण कुणाचं लक्ष नव्हतं.