मूळबिंदूची बाजू

आमच्या विभागप्रमुखांनी असमानतांचा एकच नियम पाठ केला होता: रेषा काढा, मूळबिंदू घालून बघा, विधान खरं निघालं की त्या बाजूचा भाग रंगवा. आणि रेषाच मूळबिंदूतून गेली तर? तर ‘लहान’ म्हणजे खालचा भाग. संपलं शिक्षण!

शिष्यवृत्ती एकच होती आणि ती गणिताच्या पेपरवर ठरणार होती. ती मिळाली नाही तर वर्गातल्या चिमणी नावाच्या मुलीचं शिक्षण थांबणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. पेपरात x − 2y ≤ 0 ही अट होती. सरांच्या पुतण्यासकट अख्ख्या वर्गाने रेषेखालचा भाग रंगवला. चिमणीने वरचा रंगवला. सरांनी त्या प्रश्नाला तिला भोपळा दिला.

मी तिची उत्तरपत्रिका घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सर चहात बिस्कीट बुडवत होते.

“सर, तुम्ही रंगवलेल्या भागातला एक बिंदू घ्या. x एक, y शून्य.”

“मूळबिंदू घालून पाहिलाय मी. खरं येतं.”

“अहो, तो रेषेवरच बसलाय! तो कुठली बाजू सांगणार?”

“मॅडम, वीस वर्षं शिकवतोय.”

वीस वर्षं पोरांचं वाटोळं करताय, असं ओठांवर आलं होतं. ते गिळून मी खडू पुढे केला. सरांनी फळ्यावर लिहिलं: एक हा शून्याहून लहान किंवा शून्याएवढा. मग स्वतःच लिहिलेलं वाचत बसले. बिस्कीट केव्हाच चहात विरघळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सूचना लागली: प्रश्न संदिग्ध असल्याने सर्वांना पूर्ण गुण. संदिग्ध म्हणे! नाचता येईना, अंगण वाकडं. म्हणजे बरोबर लिहिणारी आणि चुकणारे एकाच पंगतीत. पुतण्या एका गुणाने पुढे राहिला. मी मुख्याध्यापिकाबाईंशी भांडभांड भांडले. त्या म्हणाल्या, “आता विषय वाढवू नका.” मला त्यांची आणि सरांची, दोघांची किळस आली.

चिमणी मला जिन्यात गाठून म्हणाली, “मॅडम, पुन्हा कधी परीक्षा दिली तर खरं लिहू, की सरांचं?”

“खरं,” मी म्हटलं. पण क्षणभर उशिरा म्हटलं, आणि तेवढ्यात तिने मान खाली घातली.